रहाटघराचं दार

त्या चित्रात मला शोधू नका.
एल्बेच्या वरचा आमचा किल्ला त्यात आहे,
वाळूच्या दगडाचा बुरूज आहे,
बुरजावर खपली धरलेलं ऊन,
आणि सार्जंट ट्राउगॉटची बायको रोझीना
दोरीवर चादरी टाकते आहे.

मी डावीकडच्या बुटक्या घरात, आत,
माणसाहून दुप्पट उंच लाकडी चाकात.
बेनेडिक्ट, मी, आणि झिटाऊचे ते दोघे भाऊ.
चौघांनी चालायचं, मग पोहरा वर येतो.
आम्ही जिथल्या तिथे.
बेनेडिक्टच्या हिशेबाने तो रोज दिवेलागणीला
ड्रेस्डेनला पोचतो,
आणि बिअर न पिताच परततो.

चित्रकार परमुलखातला. अंगणात तंबू ठोकून
काळ्या पेटीत डोकं घालून बसायचा.
पेटीत म्हणे किल्ला उलटा दिसतो.
तीन दिवस रोझीना धुसफुसत होती:
चादरी काढू देत नाही मेला!
वाळून त्या पत्र्यासारख्या झाल्या,
पोरं नुसत्या पेंढ्यावर निजली.
(ते पांढरं पांढरं जे लोक वाखाणतात ना,
ते आमच्या पोटऱ्यांनी वर ओढलेलं पाणी.)

एका दुपारी तो आत आला, उन्हाने लाल होऊन.
खोल किती, म्हणाला.
मी मगभर पाणी आडात ओतलं.
म्हटलं, मोजा.
तो मोजत राहिला, त्याच्या भाषेत,
ओठ हलताना दिसत होते.
बऱ्याच वेळाने खालून
कुणीतरी एकदाच टाळी वाजवावी, तसं झालं.
तो हसला नाही. सगळे हसतात.
त्याने टोपी काढली.
कुणापुढे, ते मला कळलं नाही,
आणि चाक थांबवायची मुभा नव्हती.

पुढल्या वर्षी आमच्या कॉर्पोरलने
चित्र पाहिलं, राजवाड्यात सामान पोचवताना.
रहाटघराचं दार आहे का, विचारलं मी.
आहे की. काळं. नखाएवढं.
आणि आत?
आत कसलं काय, काळं म्हटलं ना.
पण पायऱ्यांशी एक कुत्रं झोपलंय, तांबूस,
इतकं बेमालूम, की पाय जपून टाकावा.

आमच्याकडे कुत्रं नव्हतं.
किल्लेदाराला भुंकणं खपत नसे.

कुठल्या पायऱ्यांशी? चालता चालता
बेनेडिक्टने एवढंच विचारलं.

तेव्हापासून बघतो,
भरल्या बादल्या नेताना रोझीना
तिसऱ्या पायरीपाशी
जराशी वळसा घालून जाते.