झडती

कुओपिओ. पहाटेचे चार दहा. बाहेर उणे एकवीस.
इर्या कोक्कोनेन, वय एकोणसाठ, बेकरीत पहिल्या पाळीला,
गाडीच्या काचेवरचं गोठलेलं खरवडता खरवडता
अंगणातच कोसळली.
नवरा अकरा मिनिटं छाती दाबत होता,
मग रुग्णवाहिकेतली माणसं.
शॉक देण्याजोगी लय एकदाही दिसली नाही.
(तिथेच मी थबकायला हवं होतं.)

नाडी परतली आणि पाठोपाठ ईसीजीचा कागद.
त्यावरची ती उचललेली रेषा
मी झोपेतही ओळखतो.
म्हणालो, हार्ट अटॅक, थेट टेबलावर घ्या.
वीस वर्षांच्या आवाजात म्हणालो,
त्यात शंकेला टेकायला जागा नसते.

मनगटातून नळी आत. रक्त पातळ करणारं औषध, नेहमीचं.
रंग सोडला.
डावी धमनी वाहती. उजवी वाहती.
पुन्हा सोडला, कोन बदलून.
धुतल्या तांदळासारखं हृदय,
फक्त टोकाशी फुगून थिजलेलं,
वाईट बातमी दारातच ऐकलेल्या माणसासारखं.
चोर वरच्या मजल्यावर होता
आणि मी संन्याशाला धरून
त्याच्या झोळीची झडती घेत होतो.

पाइवी, आमची नर्स, हळूच म्हणाली, डोक्याचं सीटी?

रक्त तिथे पांढरं दिसतं.
इतक्या वर्षांत मला ते पटलेलं नाही.
कवटीच्या तळाशी पांढरी चांदणी,
पाच टोकांची, जवळजवळ सुबक,
आणि ते औषध अजून तिच्या अंगात.
उतारा दिला. घड्याळाकडे पाहिलं नाही.

ताइस्तो बाकावर होता,
हातमोज्यात अजून ती खरवडायची पट्टी.
तो एकदाच बोलला होता, अंगणात,
पहिल्या आलेल्या माणसाशी:
तिने मान धरली. छाती नाही, मान.
ते वाक्य चार दारं ओलांडताना
कुणाच्या तरी हातून गळलं.
मला फक्त कागद मिळाला.

मी त्याच्या शेजारी बसलो.
सुरुवात कुठून करायची ते न सुचून
म्हणालो, हृदयाच्या धमन्या मोकळ्या आहेत.
मोकळ्या? त्याने विचारलं.
पूर्ण.
त्याचा चेहरा उजळला,
अगदी बारीक, वातीएवढा.
आणि मी,
पुढचं वाक्य जिभेवर धरून,
ती वात थोडा वेळ जळू दिली.
पट्टीवरचं पाणी फरशीवर ठिबकत होतं.