थोडं उजळ करू का

विचारलंसुद्धा नव्हतं मला
महाद्वार रोडवरच्या त्या स्टुडिओवाल्यानं.
दहावीच्या हॉलतिकिटावर
माझ्या वेण्या घालून
कुणी दुसरीच बसली होती.
सुपरवायझरनं फोटो बघितला, मला बघितलं,
परत फोटो,
आणि मिशीत हसून सही केली.

आता मी चेहरे रंगवते.

रविवारी सुभाषनगरातून पोरी येतात,
फ्रॉकला बाभळीच्या सालीचा वास,
नखांत वादीचा रंग.
मेघना सातपुते, सहावी ब, स्टुलावर बसून विचारते,
"ताई, मी हललो तर चालतंय?"
हल की.
काळा मी ट्यूबमधून पिळत नाही,
तो भिंतीसारखा बसतो, पलीकडचं काही दिसत नाही.
निळा घेते. विटकरी. कपाळाला किंचित हिरवा,
खिडकीतल्या पेरूच्या झाडाचा.
गालाजवळ मात्र अडते दर वेळी;
तिथं काकवी हवी,
काहिलीतून नुकती उतरलेली, अजून हलणारी.
मेघना म्हणते, मामाच्या गुऱ्हाळात
गुळालाबी पावडर टाकतात,
गोरा गूळ लई भावानं जातो.
आणि मग बराच वेळ हलत नाही.

शाहू स्मारकच्या दालनात
तसबिरी मी खाली लावल्यात,
सहावीतल्या डोळ्यांच्या उंचीला.
मोठ्यांनी वाकावं.
छतापासून लाल रिबिनींवर लोंबतायत
घराघरांतून मागून आणलेल्या क्रीमच्या ट्यूबा,
शेवटपर्यंत पिळून शेपटीकडून गुंडाळलेल्या.
त्यातली एक माझ्या आईच्या ट्रंकेतली.
आणि फरशीभर टाल्कम पावडर, बोटभर.
चपला बाहेर काढून आत या.

लोक येतात, तळवे पांढरे करून जातात.
एक काकू म्हणाल्या, नाकीडोळी नीटस आहेत हो सगळ्या,
आणि 'पण'पाशी थांबल्या,
कारण मेघनाची आई शेजारीच उभी होती,
स्वतःच्या चपला हातात धरून.
बाहेर ठेवायला तिचा धीर झाला नव्हता.
शिवणारीलाच ठाऊक, एका जोडाला किती टाके.

मेघना आपल्या चित्रापुढं कधीची.
"ह्यात मी चिडलोय व्हय?"
चिडलीयेस.
"असू दे मग."

आणि पावडरवरनं सुसाट घसरत गेली दारापर्यंत.
मागं दोन लांब पट्टे,
खालचा कडाप्पा उघडा, चकचकीत.
वॉचमन केरसुणी घेऊन आला,
त्या पट्ट्यांकडं बघत राहिला,
म्हणाला, हे आता असंच ठेवायचं काय?