आठ बोटं

पाटगाव मागं पडलं, जांभा संपला,
तेव्हा रेडेकर हवालदारांनी बूट काढला,
आतला खडा झटकायला.
उजव्या पायाला तीन बोटं.
"दोन द्रासला राहिली," म्हणाले,
एसटीत छत्री राहावी तसं.

माझ्या पिशवीत टेप, वही, पेन,
तोफेचं तोंड मोजायचं, बुरूज मोजायचे.
त्यांच्या पिशवीत भाकरी, खर्डा
आणि जळवांसाठी मिठाची पुरचुंडी.

कारवीतून वाट उभीच चढते.
धुक्यात गवा फुरफुरला कुठंतरी; थांबलो, निघालो.
दरवाज्यापाशी मी कमान बघत होतो,
ते बघत होते वळण.
"हितनं वळला की माणूस उघडा पडतोय.
बांधणाऱ्याला कळत हुतं."
मी लिहिलं: गोमुखी रचना.
"लिवा," म्हणाले. "आमच्यात दुसरं नाव हाय त्याला."
कुठलं, ते सांगितलं नाही.

वर, निम्मी मातीत गेलेली तोफ.
तोंडात मुंग्यांनी संसार थाटलेला.
सहा फूट चार इंच.
त्यांनी तिच्यावर हात ठेवला,
आजारी बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि म्हणाले,
"गार हाय."
मग बराच वेळानं,
"आमची तापायची. हातमोजा चिकटायचा नळीला,
आन् पाय बर्फात. एकाच अंगाला दोन हंगाम."

तळ्याकाठी भाकरी सोडली.
मी विचारलं, शिखरावर पोचल्यावर काय दिसलं?
कोकणाच्या बाजूला दरी पांढरी भरलेली.
तिच्याकडं बघत त्यांनी खर्डा बोटानं पसरला.
"डबं. रिकामं डबं.
त्यांच्या पोरांनी डाळ खाल्लेली.
एकात चमचा तसाच हुबा.
डाळ गोठलेली, म्हणून हुबा."

वारं आलं, धुकं थोडं हललं,
खालचं एक कौलारू घर दिसलं, गेलं.

मी वही उघडली. अवशेष:
तोफ एक. बुरूज पाच, पैकी दोन ढासळलेले.
शिबंदीच्या घरांची जोती, मोजता आली नाहीत.
आणि खाली, हात थांबला नाही म्हणून,
चमचा एक.

उतरताना त्यांनी वही मागितली,
चष्मा नव्हता, लांब धरून वाचली.
"त्यो खोडा. त्यो हितला न्हवं.
आन् आपलाबी न्हवं."

मी खिसे चाचपले.
खोडरबर कुणी आणतं का गडावर.