साडेतीन मिलिमीटर

इश्बेल गन मंगळवारी खिडकीशी आली
तेव्हा तिच्या बुटांतून पाणी झिरपत होतं.
केथनेसच्या दलदलीतलं, कोऱ्या चहाच्या रंगाचं.
फरशी पुसणारी वेंडी काही बोलली नाही.
मी फॉर्म पुढे सरकवला.

एकोणीस वर्षं मी हे विद्यावेतनाचं टेबल सांभाळतो.
सरकारचे पैसे माझ्या हातातून जात नाहीत,
पडद्यावरून जातात फक्त:
अठ्ठावीस तारीख, नाव, आकडा, हिरवी खूण.
विद्यावेतन. शब्द भारदस्त आहे.
पगार म्हणावा तर म्हातारपणासाठी त्यातलं काही साठत नाही,
दान म्हणावं तर दर तिमाहीला हिशेब मागतं.
बँकेतली बाई इश्बेलला म्हणाली होती,
'हे उत्पन्न म्हणून धरता येत नाही.'
घरमालक मात्र धरतो.

बेचाळीस महिने मिळतात.
इश्बेल शेवाळ मोजते.
शेवाळ मरतं, पण पाण्यात धड कुजत नाही, बसून राहतं,
त्याच्यावर नवं, त्याच्यावर आणखी नवं,
आणि अशी वर्षाला एक मिलिमीटर
जमीन वर येते.
पहिल्या वर्षी तिनं हे सांगितलं तेव्हा
मी सवयीनं हिशेब केला:
म्हणजे सरकारनं तुला साडेतीन मिलिमीटरचे पैसे दिलेत.
ती खळखळून हसली.
पहिल्या वर्षी सगळेच हसतात.

दुसऱ्या हिवाळ्यात ती फळीवरून घसरली.
मनगट मोडलं, डावं. ती डावखुरी.
नऊ आठवडे दलदलीतल्या नळ्यांचं पाणी
कुणी मोजलं नाही.
मग हरणांचा कळप तारा उखडून गेला.
मग प्राध्यापक मॅकाय निवृत्त झाले,
नवे आले, त्यांना नकाशे वेगळे हवे होते.

फॉर्मवर 'विलंबाचे कारण' अशी चौकट आहे.
दोनशे अक्षरं, मोकळ्या जागा धरून.
हरणं त्यात मावत नाहीत.
मी म्हटलं, 'मनगट लिही. मनगटाला दाखला आहे.'
तिनं मनगट लिहिलं, उजव्या हातानं,
पहिलीतल्या पोरासारखं वाकडं.

उत्तर सहा आठवड्यांनी आलं.
मुदतवाढ मंजूर. निधी नाही.
मी ते दोनदा वाचलं, मग तिला वाचून दाखवलं,
आवाज शक्य तितका सरकारी ठेवून.
वेळ दिला होता त्यांनी.
जणू तो त्यांच्या तिजोरीत पडून होता.

तेव्हापासून ती पहाटे चारला स्क्रॅब्स्टरच्या धक्क्यावर
मासे बर्फात भरते.
पदरमोड म्हणतात याला,
पण पदर असावा लागतो आधी.
खिडकीशी आली की हॅडॉकचा वास येतो,
तिला तो कळत नाही, मला सांगवत नाही.

एक गोष्ट मी तिला कधी सांगितलेली नाही.
माझे वडील हेच शेवाळ फावड्यानं कापून, वाळवून
चुलीत घालायचे.
एका हिवाळ्यात हजार वर्षं जाळत होतो आम्ही
आणि तरी पाय गार.
त्यांना शेवटी साडेतीन हात जागा पुरली,
तिथेच पुरलं त्यांना,
वरती आता चांगलं जाड शेवाळ आहे.
मोजलं नाही मी.

तर मंगळवारचा फॉर्म.
संशोधन सोडत असल्याचा. गुलाबी कागद, सही खाली.
तिनं पेन मागितलं.
सहीच्या रेघेवर नख ठेवलं,
ते रेघेपासून इतकंसं, अगदी इतकंसं वर नेलं,
तिथे एक ठिपका दिला
आणि म्हणाली, 'चौथा सुरू झालाय.'
मग पेन परत करून गेली.

पडद्यावर तिच्या नावापुढे राखाडी चौकट आहे.
हिरवी नाही, लाल नाही.
राखाडीचा अर्थ काय, असं मी वर विचारलंय.
अजून कळवलेलं नाही.
वेंडीनं तेवढी फरशी
संध्याकाळपर्यंत ओलीच ठेवली.