हातोडी आत राहिली

मशीनवर अंगठा ठेवला.
लाल दिवा.
तसा तो बरेचदा लागतो. एकवीस वर्षं वाळूत हात,
अंगठ्याच्या रेषा कधीच झिजल्यात,
मशीनला माणूस ओळखू येत नाही.
पँटला पुसला, फुंकर मारली, पुन्हा ठेवला.
लाल.
मागनं कुणीतरी ओरडलं, "डावा लाव की रं."
डावा लावला.

सातापा वॉचमन केबिनमधनं बाहेर आला,
टोपी काढून हातात धरलेली.
गेल्या दिवाळीत त्याच्या पोराला मीच चिकटवला होता कोअर शॉपला.
"तुमास्नी आत सोडू नको म्हणून यादी आलीया वो.
सोळा नावं हाईत."
मग जरा थांबून,
"पोराचं न्हाई त्यात."
हे मला का सांगितलं, त्याचं त्यालाही कळलं नसावं.

एक पाकीट. अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत,
खालची सही कुणाची ते लागत नाही.
रविवारी रात्री दहापर्यंत थांबवून घेतलं होतं,
गाडी भरायची होती.
चहा पाजला. वर म्हणाले, तुमच्याशिवाय कुणाला कळतंय.
सोमवारची सुट्टी गेली,
मंगळवारी हे.

काय कळतं मला?
कास्टिंग टांगायचं, हातोडीनं हलकं मारायचं, ऐकायचं.
खणखणलं तर पुढं.
बद्द वाजलं तर आत कुठंतरी चीर आहे,
वरनं कितीही गुळगुळीत असू दे.
खडूची फुली, आणि परत भट्टीत.
एकवीस वर्षांत माझ्या हातचे तीन पीस गिऱ्हाइकाकडनं माघारी आले,
तिन्ही मला पाठ आहेत.
फुली मारायच्या आधी
प्रत्येकाला तीनदा वाजवून बघायचो.
तीनदा.

"सातापा, हातोडी माझी हाय. कंपनीची न्हवं.
बाभळीचा दांडा हाय, आमच्या म्हाकव्याच्या बांधावरचा."
"बघतो," तो म्हणाला,
गेटच्या आतल्या बाजूनं.

पावणेसात वाजले होते.
पावणेसातला घरी जाता येत नाही.
शिरोली नाक्यावर केएमटी आली, चढलो नाही.
कडेला बसून उसाचे ट्रॅक्टर मोजले,
दोन ट्रॉल्या, दोन ट्रॉल्या, एकाला तीन,
त्याच्या टेपचा आवाज पार पुलापर्यंत.
साडेबाराला कुठल्यातरी दुसऱ्याच कारखान्याचा भोंगा झाला
आणि हात आपोआप डब्याकडं गेला.
भाकरी, वांगं, खर्डा.
लाज वाटली नाही. भूक लागली होती.
चालत येताना पंचगंगेच्या पुलाचा कठडा
बोटानं वाजवून बघितला. सवय.
दगड काय बोलणार.

साडेचारला घरी.
आक्काताईनं रोजच्यासारखी बादली भरून ठेवलेली, वडी काढलेली.
हात धुतले. जरा जास्तच वेळ धुतले.
तिनं डबा उघडून बघितला, रिकामा होता.
मग मोरीत बघितलं.
पाणी पांढरं गेलं होतं.
एकवीस वर्षं ती मोरी घासतेय,
काळा थर सुटत नाही म्हणून माझा उद्धार करत.
काही बोलली नाही.
पोरीची फी परवा भरायची, हे काल दोनदा बोललेली,
तेही बोलली नाही.

ताट वाढलं, तांब्या ठेवला.
मी नखानं तांब्याला टिचकी मारली.
"वाजवून काय बघतायसा," ती म्हणाली.
"भरला तांब्या बद्दच वाजतोय."

रात्री घड्याळाचा गजर काढून ठेवताना
तिचा हात मला ऐकू आला.
पाचला मी जागाच होतो.
खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात
खडूचा तुकडा निघाला, पेरभर.
तो कुणी मागून घेतला नव्हता.