दात कोरडा हवा

मी डॉक्टर नाही.
मी लाळ ओढते.
फैजपुरात, खतांच्या दुकानावरच्या मजल्यावर
अकरा वर्षं माझ्या डाव्या हातात हीच नळी
आणि तिचा हाच आवाज,
उसाचा रस संपल्यावरही कुणी ओढत राहावं तसा.

मे महिना. बाहेर शेहेचाळीस.
चिकटवायचं मटेरियल फ्रीजमध्ये, डॉक्टरांच्या इन्सुलिनशेजारी.
लवकर काढलं तर पातळ होतं,
ब्रॅकेट दातावरून घसरत जातं
कुणाला न सांगता.
कधी काढायचं ते माझ्या अंगठ्याला कळतं.

खुर्चीत नूरजा तडवी, यावल आगार, कंडक्टर.
वयाच्या रकान्यात छत्तीस, खोडून एकेचाळीस.
गाल ताणणारी चौकट बसवली
की कुणीही हसल्यासारखं दिसतं.
ते खरं धरायचं नाही.

निळं जेल, दातागणिक एक ठिपका.
आम्ल असतं ते. आम्ही औषध म्हणतो.
तीस मोजायचे. मग पाणी, मग हवा,
आणि चमक मरून दात खडूसारखा दिसला
की धरणार.
गुळगुळीतावर काही टिकत नाही, डॉक्टर सगळ्यांना सांगतात.
मला कुणी सांगावं लागलं नाही.
आबा धरणगावच्या बाजारात कल्हई करायचे.
नवसागराचा धूर आईच्या पदरात, माझ्या वेणीत, वरणातसुद्धा.
ओलं भांडं त्यांनाही चालायचं नाही;
उन्हात पालथी घातलेली पातेली
मी बसून राखायचे, बकऱ्यांपासून.

मग प्रायमर. मग चिमट्यात ब्रॅकेट,
त्याच्या पाठीला कणीएवढं मटेरियल.
दाताच्या मधोमध, कडेपासून चार मिलिमीटर.
डॉक्टर गेज लावतात, श्वास मी धरते.
दाबलं की बाजूनं जास्तीचं बाहेर येतं,
ते खरवडायचं, नाहीतर मळ तिथंच घर करतो.
पुण्याकडं म्हणे सगळे आधी साच्यावर लावतात
आणि ट्रेनं एकदम चढवतात, मुखवटा चढवावा तसे.
आमच्याकडे एकेक.

निळा दिवा. वीस सेकंद. बघू नका त्याच्याकडं.

चौथ्या दाताला लाईट गेली.
पंखा थांबला. नळी मुकी झाली.
दिवा बॅटरीवरचा, तो चालूच,
पण जिभेखालून पाणी चढू लागलं.
थुंकी लागली की त्या दाताचं सगळं पहिल्यापासून.
इन्व्हर्टर? त्यात पाणी घालायचं मीच विसरले होते.
मी कापसाचे बोळे कोंबले, जीभ बोटानं रोखली,
नूरजानं डोळे मिटले
आणि गिळलं नाही.
वीस. पुढचा. वीस. पुढचा.
रोज पाचशे माणसांना कुठं जायचं विचारणारी बाई
माझ्या बोटाखाली गप्प.
तिच्या मानेवर घाम, माझा का तिचा, कोण जाणे.

तार ओवली. रबरं तिनं करडी निवडली.
'कितला दिन ऱ्हाई हाई?'
'दोन वर्षं.'
'आनि बोलानं?'
'बोलून बघा.'

तिनं आरशाकडं पाठ केली.
'सावदा,' म्हणाली.
स तारेत अडकला.
'सावदा सावदा. रावेर.'
पुन्हा.
मी मटेरियलला टोपण लावून फ्रीजमध्ये ठेवलं,
नळी धुतली.
जिन्यावर अजून चालू होतं,
सावदा,
सावदा,
खतवाल्यानं वर बघितलं.