अक्षरामागे एक रुपया

पाचपावलीच्या मनपा शाळेची लांब भिंत.
डोंगरवार सरांनी वहीच्या फाटक्या पानावर
इंग्रजी म्हणी उतरवून दिल्या
आणि भाव ठरला : अक्षरामागे एक रुपया.
मधल्या मोकळ्या जागेचे पैसे नाहीत.

बाबाला इंग्रजी येत नव्हतं.
त्याच्या लेखी एस म्हणजे वळण,
टी म्हणजे विजेचा खांब,
ओ काढायला डबीचं झाकण.
मी सातवीत. शिडी धरायची आणि अर्थ सांगायचा.

‘ऊन आहे तोवर गवत वाळवून घ्या.’
चोवीस अक्षरं. मे महिना.
खिशातला कांदा चाचपत बाबा हसला,
‘गवताचं काय घेऊन बसली वं,
इथं तं माणूसच वाळून रायला.’

‘वेळ म्हणजे पैसा’
अख्ख्या भिंतीत हीच सगळ्यात स्वस्त निघाली,
अकरा रुपये.
बाबानं दोनदा मोजून पाहिली.

‘पूल येईल तेव्हा ओलांडू’
यावर तो काहीच बोलला नाही.
सायकलला शिडी बांधून
आम्ही रोज तेच करायचो,
चढावर उतरून, लोटत.

शेवटची म्हण :
कधीच न येण्यापेक्षा उशिरा आलेलं बरं.
माझं लक्ष बर्फगोळ्याच्या गाडीकडे,
आणि दॅनमधल्या एच्या जागी
बाबाच्या ब्रशातून ई उतरला.
सरांना दिसला नाही. मला दिसला, मी गप्प.
भिंत आता म्हणत होती :
उशिरा बरं, मग कधीच नाही.

बिलाचं तसंच झालं.
दिवाळीनंतर या. मार्च उलटू द्या.
ऑडिटवाले येऊन गेले की बघू.
उशीर झाला,
मग नाहीच.
तेव्हा कुठे मी बाबाला ती चूक सांगितली.
‘मंग बरोबरच तं लिवलं मी,’ म्हणाला,
आणि ब्रश रॉकेलात बुडवला.

परवा निवडणुकीची ड्यूटी त्याच शाळेत लागली.
भिंतीवर चुन्याचे किती हात चढलेले,
तरी एका पोपड्याखालून
तो ई निघालाच, निळा, ऐटीत.
माझ्या हाती शाईची बाटली होती.
बोटं पुढे येत राहिली,
मी रेघा ओढत राहिले.

दुपारी रांग ओसरली तेव्हा
भिंतीपाशी गेले,
दोन शब्दांमधलं अंतर
चार बोटं लावून मोजलं.
जिथे जिथे दिसत होतं, तिथे सारखंच.

त्याचे पैसे नव्हते.